कोणती तार लावू, डॉक्टरसाहेब?

मधुमेहाच्या तपासणीला दर महिन्याला येणारे एक मामा आहेत. कन्नडच्या बाजूचे. गौताळ्याच्या डोंगराला लागून त्यांचे चार एकर रान आहे. मागच्या पावसाळ्यात औषधाची चिठ्ठी घेऊन ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"डॉक्टरसाहेब, एक इचारू का? तुम्ही शिकलेली माणसं."

"विचारा की मामा."

"डुकरानं मक्याचं पार वाटोळं केलंय. रातच्याला पंधरा-वीस येतेत. पोरगा म्हणतो, फास लावू. पण तार कोणती लावावी? गाडीच्या क्लचची, का बारीक, का जाड? डुक्कर तेवढं अडकावं, दुसरं कोणी मरू नये, अशी कोणती तार असते?"

बाहेर रांग लागली होती. मी एवढेच म्हणालो, "तशी तार नसते मामा. पुढच्या खेपेला नीट सांगतो. तोवर काही लावू नका."

ते गेले, पण प्रश्न माझ्याकडेच राहिला. हा माणूस शिकारी नव्हता. हाताशी आलेला मका एका रात्रीत आडवा झाल्यावर काय वाटते, हे मीही शेतकऱ्याच्या घरातला असल्याने जाणतो. शिवाय त्यांच्या प्रश्नात दुसऱ्याची काळजी होती: दुसरे कोणी मरू नये. म्हणून मी ठरवले, की या प्रश्नाला कायद्याचा धाक दाखवून उत्तर द्यायचे नाही. कायदा आहेच, त्याबद्दल पुढे सांगतो. पण आधी एक डॉक्टर म्हणून, तार शरीराशी काय करते ते सांगायला हवे. फासात अडकलेला पाय जनावराचा असो की माणसाचा, आतले रक्त, स्नायू आणि नसा सारख्याच नियमाने वागतात.

तार आवळते तेव्हा

दवाखान्यात रक्तदाब मोजताना आम्ही दंडाला पट्टा गुंडाळतो. मोठ्या माणसाच्या पट्ट्यातली हवेची पिशवी साधारण १२ सेंटिमीटर रुंद असते. ती फुगते तेव्हा हात क्षणभर जड होतो, पण इजा होत नाही, कारण दाब रुंद जागेवर पसरलेला असतो आणि मिनिटभरात तो सुटतो. आता त्याच दंडाला १२ सेंटिमीटरच्या पट्ट्याऐवजी ३ मिलिमीटर जाडीची तार गुंडाळली आणि तेवढ्याच जोराने ओढली, तर? रुंदी चाळीस पटींनी कमी झाली, म्हणजे तारेखालच्या कातडीवरचा दाब चाळीस पटींनी वाढला. संक्रांतीत नायलॉनचा मांजा दुचाकीस्वाराचा गळा का चिरतो, याचे उत्तर हेच आहे. दोऱ्याला धार नसते. त्याची बारीक जाडीच धारेचे काम करते.

इथे ओढ देणारा हात जनावराचा स्वतःचाच असतो. फास लावणारा घरी झोपलेला असतो. अडकलेले जनावर सुटण्यासाठी झटके देते, प्रत्येक झटक्याला फास एक पायरी आवळतो आणि मागे सरकत नाही. जितकी ताकद जास्त, तितकी जखम खोल. चाळीस-पन्नास किलोचे डुक्कर रात्रभर झटके देत राहते, तेव्हा तार कातडीतून स्नायूत आणि स्नायूतून हाडापर्यंत पोहोचते.

आतमध्ये एका ठरावीक क्रमाने गोष्टी घडतात. पहिल्यांदा बंद होतात त्या शिरा, म्हणजे पायातले रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या नळ्या. त्यांच्यात दाब कमी असतो, भिंती पातळ असतात, त्यामुळे थोड्या आवळण्याने त्या मिटतात. धमन्या मात्र अजून चालू असतात. म्हणजे रक्त पायात येते, पण परत जात नाही. पाय सुजतो. तार जागची हललेली नसली तरी पाय फुगल्यामुळे ती आपोआप आणखी घट्ट होते. मग धमनीही बंद पडते. बोटात अंगठी अडकून बोट सुजले की काय होते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना हे दुष्टचक्र समजेल. तान्ह्या बाळाच्या पायाच्या बोटाला आईचा एखादा केस गुंडाळला जातो, बाळ रडते, कारण सापडत नाही, आणि मोजा काढून पाहावे तर बोट निळे पडलेले असते. एका केसाने हे होते. मग तारेचे काय?

रक्त पूर्ण बंद झाल्यावर स्नायू साधारण चार ते सहा तास तग धरतात. त्यानंतरचे नुकसान भरून येत नाही. फास रात्री आठला बसला आणि मालक सकाळी सातला बघायला आला, तर मध्ये अकरा तास गेलेले असतात.

तार कापली, पण जनावर गेले

"आम्ही सोडवलं होतं हो, चालत गेलं, पण दोन दिवसांनी मेलेलं सापडलं," असे गावाकडे पुष्कळदा ऐकायला मिळते. लोकांना वाटते, धसक्याने गेले. धसका असतोच, पण त्याला शरीरशास्त्रही आहे.

१९४१ साली, दुसऱ्या महायुद्धात, लंडनवर बॉम्बहल्ले होत होते. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास पाय दबलेली माणसे बाहेर काढली जात, सुरुवातीला ती बरी वाटत, बोलत. आणि काही दिवसांत मूत्रपिंड निकामी होऊन दगावत. बायवॉटर्स आणि बील या दोन डॉक्टरांनी त्या वर्षी याचे वर्णन केले. दबलेल्या स्नायूंच्या पेशी फुटतात. त्यांच्यातले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन नावाचे लाल प्रथिन, पाय मोकळा होताच, रक्तात मिसळते. पोटॅशियम हृदयाचा ठोका बिघडवते, मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या बुजवते. लघवी चहासारखी काळपट होते. भूकंपात आणि इमारत कोसळण्याच्या घटनांत आम्ही डॉक्टर आजही याच गोष्टीला घाबरतो.

फासातल्या जनावरात याच्या जोडीला आणखी एक गोष्ट असते. जिवाच्या आकांताने तासन्‌तास झटके दिल्याने, जिथे तार पोहोचलेलीही नाही असे पाठीचे, मांड्यांचे आणि हृदयाचे स्नायूसुद्धा फुटू लागतात. हरीण, काळवीट, चिंकारा यांसारखे भित्रे, पळणारे प्राणी याला विशेष बळी पडतात. वरून जखम दिसत नाही आणि दोन-तीन दिवसांत प्राणी दगावतो.

आणि तिसरे कारण. तार काढल्यावर कातडीवर नुसता वळ दिसतो, पण दाबाने मेलेले मांस खरे रूप दाखवायला काही दिवस घेते. मग कातडी काळी पडते, फाटते, आत अळ्या पडतात. म्हणूनच जाणकार पशुवैद्यक फासातून सोडवलेल्या प्राण्याला लगेच जंगलात न सोडता काही दिवस नजरेखाली ठेवतात. "सुटला, पळाला" म्हणून टाळ्या वाजवणे ही फसवणूक ठरू शकते.

तार ओळख विचारत नाही

मामांच्या प्रश्नाचा गाभा हा होता: डुक्कर तेवढेच अडकावे. पण त्या वाटेने रात्री कोण कोण जाते?

मार्च २०२१ मध्ये गौताळा-औट्रम घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. या भागात १९४०च्या सुमारानंतर पहिल्यांदाच. पट्ट्यांवरून ओळख पटली, तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा निघाला. सुमारे ३३० किलोमीटर तो चालत आला होता. मध्ये सलग जंगल नाही. म्हणजे तो कापसातून, तुरीतून, मक्यातून, नाल्यांतून, आपल्यासारख्यांच्या बांधांवरून आला. त्या वाटेवरच्या एका बांधावर जरी डुकरासाठी फास असता, तरी ती बातमी वेगळी झाली असती. बिबट्या तर आपल्या शहरातही येतो. डिसेंबर २०१९ मध्ये सिडको एन-१ च्या वस्तीत तो आला होता, जुलै २०२४ मध्ये उल्कानगरी भागात दिसला. तो शहरात येतो तो शेतांतूनच.

ज्या गावाहून तो वाघ आला, त्याच यवतमाळ जिल्ह्यात एप्रिल २०२१ मध्ये मुकुटबन वनपरिक्षेत्रात एक गर्भार वाघीण मेलेली सापडली. तिच्या गळ्यात तारेचा फास होता. टिपेश्वरमध्येच एक वाघीण गळ्यात रुतलेली तार घेऊन महिनोन्‌महिने हिंडत होती; २०२५च्या सुरुवातीला तिला बेशुद्ध करून ती तार काढावी लागली. कोकणात याच फासाला फासकी म्हणतात आणि फासकीत बिबट्या अडकल्याची बातमी रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या वाचकांना नवी नाही. बहुतेक वेळा ती फासकी डुकरासाठीच लावलेली असते.

ताकदवान जनावर पुष्कळदा खुंटी उपटून तार अंगावर घेऊनच पळते. ती तार मग गळ्यात किंवा कमरेत रुतत जाते. वाढत्या वयाचे जनावर असेल तर अंग वाढते, तार वाढत नाही. अशा जखमी बिबट्याला हरणामागे धावणे जमत नाही. त्याला जमेल अशी शिकार म्हणजे गोठ्यातले वासरू, शेळी, कुत्रे. म्हणजे डुकरासाठी लावलेली तार गावाच्या दारात जखमी बिबट्या आणून सोडू शकते. आणि अडकलेले जनावर बिबट्या नसून आपलेच कुत्रे, शेजाऱ्याची शेळी किंवा कोल्हा असेल, तर सोडवायला जाणाऱ्याला ते चावते. फासातल्या कुत्र्याने, कोल्ह्याने, मुंगसाने चावा घेतला तर ती रेबीजची जखम समजूनच वागावे: वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे, हळद-चुना न लावणे, आणि त्याच दिवशी दवाखाना.

हा प्रश्न फक्त आपलाही नाही. कंबोडिया, लाओस आणि व्हिएतनाम या तीन देशांच्या संरक्षित जंगलांत मिळून १ कोटी २३ लाख फास असावेत, असा अंदाज डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेने २०२० साली मांडला. तिथेही साहित्य तेच: दुचाकीच्या ब्रेकची नाहीतर क्लचची तार. स्वस्त, सगळीकडे मिळणारी, आणि लावून विसरून जाता येणारी. विसरलेला फास गंजेपर्यंत काम करत राहतो. त्याचा मालक कधीच गाव सोडून गेलेला असतो.

"चांगली तार" शोधण्याचे प्रयत्न

"कोणती तार?" हा प्रश्न मामांच्या आधी पुष्कळ शहाण्यांनी विचारून पाहिला आहे. थंड देशांत केसाळ कातड्यांचा मोठा व्यापार होता, तिथे फासे लावणे हा धंदाच होता. त्यांनी तारेची जाडी, पीळ, आवळल्यावर सैल होणारी कडी, एका मापानंतर फास आवळू न देणारा अडसर, पीळ न पडण्यासाठी फिरती कडी, मोठे जनावर अडकल्यास तुटणारा जोड, अशा अनेक सुधारणा केल्या. १९९७ साली युरोपीय महासंघ, कॅनडा आणि रशिया यांनी सापळे किती यातना देणारे असावेत याची मापे ठरवणारा करार केला. त्यात मारणाऱ्या सापळ्यांसाठी, बऱ्याच प्राण्यांच्या बाबतीत, पाच मिनिटांच्या आत शुद्ध हरपली पाहिजे असे माप धरले. यातना पाच मिनिटांवर आणणे हीच जिथे प्रगती मानली गेली, तिथे आपल्या बांधावरच्या अकरा तासांचे काय म्हणायचे?

ब्रिटनमध्ये १९८१च्या कायद्याने फक्त आवळत जाणारे, सैल न होणारे फास बंद केले आणि सैल होणारे चालू ठेवले. पुढे चाळीस वर्षे अडसर, तपासणी, नियम यांवर चर्चा झाली. पण तार कितीही सुधारली तरी ती समोरचा प्राणी ओळखू शकत नाही, आणि रात्री अंधारात लावलेल्या प्रत्येक फासापाशी तपासनीस उभा राहू शकत नाही. शेवटी २०२३ साली वेल्सने सगळ्याच फासांवर बंदी आणली आणि २०२४ साली स्कॉटलंडच्या संसदेने तसाच कायदा केला. चांगली तार शोधणाऱ्यांचा प्रवास 'कोणतीच तार नको' इथे येऊन थांबला.

आपल्या देशाने हे १९७२ सालीच लिहून ठेवले आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती नाही. फासात पकडणे, सापळा लावणे आणि तसा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. हत्यारांच्या यादीत जाळे, विष यांच्या जोडीला फासही आहे. "मी डुकरासाठी लावला होता, बिबट्या त्याच्या कर्माने आला," हा बचाव चालत नाही.

तारेत वीज सोडली तर

काही जण पुढचे पाऊल टाकतात. खांबावर आकडा टाकतात आणि शेताभोवती ओढलेल्या उघड्या तारेत वीज सोडतात. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड भागात श्रीनिवास नावाचा वाघ असाच गेला. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध 'जय' वाघाचा तो बछडा. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून शोध लागला. प्रेत पुरून टाकलेले होते.

वाघाची बातमी होते, माणसाची दोन ओळींची नोंद होते. ती दोन ओळींची माणसे आमच्याकडे येतात. एक तरुण मला विसरता येत नाही. स्वतःच्याच शेतात, स्वतःच लावलेली तार. रात्री पाऊस पडून गेला होता. पहाटे तार काढायला गेला आणि वीज बंद केली आहे असे समजून हात लावला. तळहाताला पावलीएवढा काळा डाग होता, तळपायाला दुसरा. बरोबरचे लोक म्हणत होते, "साहेब, एवढीशीच तर जखम आहे." वीज हातातून शिरून पायातून बाहेर पडली होती आणि मधल्या वाटेवरचे स्नायू भाजले होते. त्याचा जीव वाचला, हात वाचला नाही. आणखी एकाला आणले तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. तो तर त्या शेताचा मालकही नव्हता, आपल्या रानातल्या मोटारीकडे जवळच्या वाटेने निघालेला शेजारी होता.

विजेचे गणित भयंकर आहे. शरीरातून एक मिलिअँपिअर गेला तर मुंग्या येतात. दहा-पंधराच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि माणूस तार सोडू शकत नाही. पन्नास ते शंभरच्या दरम्यान हृदय थरथरू लागते आणि रक्त ढकलणे थांबवते. घरातला साधा दिवा याहून जास्त वीज घेतो. घरात निदान सुरक्षा बटण पडते. आकडा टाकून थेट घेतलेल्या विजेला असा कोणताच रक्षक नसतो. त्यात चिखल, ओले पाय, भिजलेली वही-चप्पल, म्हणजे शरीराचा विरोध जवळजवळ संपलेलाच. पावसाळ्यात डुकरे जास्त येतात आणि पावसाळ्यातच ही तार सर्वांत घातक असते. अशा तारेने माणूस गेला तर वीजचोरीचा गुन्हा वेगळा आणि सदोष मनुष्यवधाचा वेगळा. मका वाचवायला निघालेला बाप तुरुंगात आणि घर उघड्यावर, असे व्हायला एक रात्र पुरते.

सौर झटका मशीनची गोष्ट वेगळी आहे. त्यात साठवलेली वीज सेकंदाला साधारण एकदा, अगदी क्षणाच्या अंशापुरती सुटते. चटका जोराचा बसतो, पण दोन झटक्यांच्या मध्ये स्नायू सैल होतात, हात सुटतो, आणि हृदयाला थरथरवण्याएवढा वेळ प्रवाह टिकत नाही. मात्र हे मान्यताप्राप्त यंत्र असेल आणि तसेच वापरले तरच खरे. "मशीन बिघडलं, म्हणून दोन दिवस डायरेक्ट लाइन दिली," हे वाक्य मी ऐकलेले आहे. ते दोन दिवस म्हणजे आकड्याचीच तार.

माणूस अडकला तर

राखणीला रात्री रानात जाणाऱ्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

कुणाचा पाय फासात अडकला तर पाय ओढू नका. खुंटीच्या दिशेने सरका म्हणजे तार सैल होईल, मग पकडीने कापा. किती वेळ पाय आवळलेला होता, हे डॉक्टरांना नक्की सांगा. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. नंतर लघवी लाल किंवा काळपट झाली, पाय वाढत्या वेगाने दुखू-सुजू लागला, बोटे बधिर झाली, तर दिवस उजाडायची वाट पाहू नका.

विजेच्या तारेला कोणी चिकटले तर त्याला हात लावू नका. आधी वीज बंद करा. जमत नसेल तर महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवा आणि १०८ला रुग्णवाहिका बोलवा. मोठ्या लाइनवरून आकडा असेल तर काठीने ढकलण्याचाही प्रयत्न नको, दूर राहा. वीज तुटल्याची खात्री झाल्यावर, श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर असलेल्या माणसालाही एकदा दवाखान्यात आणाच, कारण वरची जखम आतले काहीच सांगत नाही.

आणि एक फास आपण स्वतःच्या हाताने लावतो, तोही सांगतो. राखणीला गेलेल्याला साप चावला की बरोबरचे लोक सुतळी, करदोटा, नाहीतर मोटारीची वायर काढून पाय करकचून बांधतात. वर सांगितलेले सगळे या पायातही होते: शिरा बंद, सूज, मग धमनी बंद. विष थांबत नाही, पाय मात्र जातो. बांधू नका, चिरू नका. अंगठी, जोडवी, कडे काढा, पाय न हलवता रुग्णाला थेट दवाखान्यात आणा. आधीच बांधले असेल तर वाटेत एकदम सोडू नका, ते दवाखान्यातच सोडू द्या.

मग डुकराचे काय?

मामा पुढच्या महिन्यात आले. रांग त्या दिवशीही होती, पण मी त्यांना बसवून घेतले आणि रक्तदाबाच्या पट्ट्याचे गणित सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हंजी मका डुकरालाच घालायचा का?"

हा प्रश्न टाळून उपदेश करणे सोपे आहे. म्हणून जेवढे खात्रीचे, तेवढेच सांगतो. वन्यप्राण्यांनी पिकाचे नुकसान केले तर वन विभागाकडून भरपाई मिळते. त्यासाठी घटनेनंतर तीन दिवसांच्या आत अर्ज द्यावा, पीक आवरण्याआधी फोटो काढावेत आणि पंचनामा होऊ द्यावा. जंगलालगतच्या गावांसाठी राज्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान आहे. रानडुक्कर आणि रोही यांचा उपद्रव हाताबाहेर गेला, तर वन अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीने, अटींवर बंदोबस्त करण्याची तरतूदही आहे. चार शेजाऱ्यांनी मिळून एक झटका मशीन आणि राखणीच्या पाळ्या, हे एकट्याच्या तारेपेक्षा स्वस्त पडते. रानात फास किंवा फासातले जनावर दिसले तर जवळ न जाता, गर्दी न जमवता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. गर्दीने घाबरलेले जनावर आणखी झटके देते आणि तार आणखी रुतते.

अर्ज करावा लागतो, खेटे घालावे लागतात, भरपाई नुकसानीएवढी असतेच असे नाही. हे मामांनी मला सांगितले, मी त्यांना नाही. त्यांची तक्रार खरी आहे आणि ती सरकारदरबारी मोठ्या आवाजात मांडली पाहिजे. पण तिचे उत्तर क्लचच्या तारेत नाही.

परवा ते पुन्हा आले. साखर थोडी वाढलेली होती; राखणीच्या जागरणाने जेवणाच्या वेळा चुकत होत्या. तीन शेजाऱ्यांनी मिळून झटका मशीन घेतले आहे, भरपाईचा अर्ज अजून अडकलेला आहे. पोराने क्लचची तार आणलीच होती, असे त्यांनी निघताना सांगितले.

"मग?" मी विचारले.

"वलणी बांधली तिची. कपडे वाळत घालायला."